किटाळ

जर्मनीत आल्यावर मी पहिल्यांदा शिकलेला आणि आजही दिवसातून सगळ्यात जास्त वेळा तोंडात येणारा शब्द म्हणजे 'एन्टशुल्डिगुंग'. गाडीत कुणाच्या पायावर पाय पडला की एन्टशुल्डिगुंग. दुकानात मोहरी कुठे ठेवलीय हे विचारायचं असलं तरी आधी एन्टशुल्डिगुंग. आपल्या 'जरा सरकता का' इतका वापरून गुळगुळीत झालेला शब्द. त्यामुळे १५२४ साली स्ट्रासबुर्गमध्ये, आज फ्रान्समध्ये असलेल्या पण तेव्हाच्या जर्मन शहरात, छापलेल्या एका पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तो पहिल्याच ओळीत दिसला, तेव्हा मला वाटलं, कुणीतरी माफी मागतंय.

ती माफी नव्हती. शब्द फोडून पाहिला की आत 'शुल्ड' सापडतं. शुल्ड म्हणजे दोष, आणि शुल्ड म्हणजे कर्जही. आधीचं 'एन्ट' म्हणजे उतरवणं. पाचशे वर्षांपूर्वी एन्टशुल्डिगुंग म्हणजे अंगावर आलेला आळ उतरवणं. माझ्या आजीच्या तोंडी यासाठी एक शब्द सारखा असायचा, किटाळ. "नसतं किटाळ आलं बाई अंगावर," असं ती म्हणायची, आणि किटाळ आलं की करायचं काय, याचंही उत्तर तिच्याकडे तयार असायचं. गप्प बसायचं. लोकांची तोंडं कोण धरणार?

पुस्तिका लिहिणारी बाई मात्र गप्प बसली नव्हती. तिचं नाव काटारीना शुट्झ. एका सुताराची मुलगी, तेव्हा पंचविशी नुकतीच ओलांडलेली. आदल्या वर्षी, ३ डिसेंबर १५२३ रोजी, तिने माथेउस झेल नावाच्या धर्मगुरूशी लग्न केलं होतं. लग्न लावलं सुधारणावादी धर्मगुरू मार्टिन बुत्झर यांनी. झेल तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. शहराच्या कॅथेड्रलमध्ये ते रोमच्या पोपविरुद्ध उभ्या राहिलेल्या ल्यूथरच्या विचारांची प्रवचनं द्यायचे आणि ऐकायला झुंबड उडायची. कॅथेड्रलमधलं कोरीव दगडी व्यासपीठ त्यांना वापरू दिलं नाही, तेव्हा सुतारांनी त्यांच्यासाठी एक लाकडी व्यासपीठ बनवलं. प्रवचनाच्या वेळी ते उचलून आणायचं आणि झालं की परत न्यायचं. दगडी व्यासपीठ आजही तिथे आहे. त्याच्या पायरीशी एक छोटंसं झोपलेलं कुत्रं कोरलेलं आहे आणि येणारी मुलं त्याला हात लावून जातात. मी जाते तेव्हा माझी नजर शेजारच्या मोकळ्या जागेकडे जाते. तिथे कुठेतरी ते लाकडी व्यासपीठ ठेवत असतील, आणि समोरच्या गर्दीत सुताराची ही मुलगी उभी असेल.

धर्मगुरूने लग्न करणं हा चर्चच्या कायद्याने गुन्हा होता. बाई ठेवणं हाही गुन्हाच, पण त्याला एक वाट होती. बिशपच्या कचेरीत पैसे भरले की प्रकरण तिथेच मिटायचं. दरवर्षी भरायचे. काटारीनाने आपल्या लिखाणात नेमकं यावर बोट ठेवलं. धर्मगुरूंनी लग्नं केली तर हे उत्पन्न बुडेल, म्हणून लग्न पाप आणि ठेवलेली बाई चालते, असं तिने सरळ लिहिलं. आणि बाई ठेवलेला धर्मगुरू कायमचा बिशपच्या मुठीत राहतो, हेही तिच्या नजरेतून सुटलं नाही. मला यात तिची सुताराच्या घरची नजर दिसते. शास्त्रार्थ बाजूला ठेवून ती आधी लाकूड ठोकून बघते, आत पोकळ आहे का ते.

१५२४च्या वसंतात बिशप विल्हेल्म फॉन होनश्टाइन यांनी लग्न केलेल्या धर्मगुरूंना बहिष्कृत केलं. काटारीनाने बिशपना खरमरीत पत्र लिहिलं. मग गावात गोष्टी उठल्या. झेल बायकोला मारतो. त्याला मोलकरणीबरोबर धरलं. बायको पस्तावलीय. या गोष्टी कुणी लिहिल्या नव्हत्या, त्या नुसत्या फिरत होत्या, बाजारात, विहिरीवर, प्रवचनानंतर बाहेर पडताना. अशा गोष्टींना धनी नसतो, म्हणून त्यांना पकडता येत नाही. त्यांचा रोख झेलच्या शयनघराकडे असला, तरी वार करायचा होता तो त्याच्या व्यासपीठावर. ज्याचं घर असं, त्याचं प्रवचन काय ऐकायचं?

मग तिने पुस्तिका लिहिली. नवऱ्याला न सांगता, असं ती स्वतःच म्हणते. क्योप्फेल नावाच्या छापखानेवाल्याने ती छापली. तेव्हाच्या वादांत अशी चोपडी हे मोठं हत्यार होतं. थोडी पानं, स्वस्त, दुमडून खिशात जाणारी. ज्याला वाचता येतं तो मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे भोवती जमायचे. एका पुस्तिकेला उत्तर म्हणून दुसरी, तिला उत्तर म्हणून तिसरी. झेल यांनीही १५२३ साली आपल्यावरच्या आरोपांना उत्तर देणारा जाडजूड ग्रंथ छापला होता. पुरुषांसाठी ही मळलेली वाट होती. काटारीनाच्या मुखपृष्ठावर लिहिलं होतं की ही काटारीना शुट्झिनची एन्टशुल्डिगुंग, तिचा पती माथेउस झेल याच्यासाठी. नाव तिने माहेरचं लावलंय, किटाळ उतरवलंय नवऱ्याचं. पण वाचायला घेतलं की दुसऱ्या-तिसऱ्या पानातच कळतं, ही बाई स्वतःसाठीही उभी आहे.

मी ते वाचलं तेव्हा एका वाक्यापाशी थांबले आणि त्या दिवशी पुढे गेले नाही. ती म्हणते, गप्प बसणं म्हणजे सोसणं नव्हे. सोसणं म्हणजे सोसणं. मी गप्प बसले, तर खोटं बोलणाऱ्याला पुढे बोलत राहायला मीच जागा करून देते.

आपल्याकडे या दोन गोष्टींना वेगळं करायला कुणी शिकवलं नाही. सोशिक बाई म्हणजे गप्प बाई. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारी ती सहनशील. आणि जी बोलते ती? ती तोंडाळ. काटारीनाचं म्हणणं असं की दुःख सोसायला माझी ना नाही, बहिष्कार सोसेन, गरिबी सोसेन. पण खोट्यासमोर गप्प राहणं हा सोसण्याचा भागच नाही. तो शेजाऱ्याचा घात आहे, कारण तो शेजारी ते खोटं खरं मानून बसतो. जो खोटं बोलतो त्याचंही त्यात नुकसान आहे, त्याला कुणी अडवलंच नाही. आपल्या अब्रूसाठी बोलणं हा स्वार्थ, असं मी मानत आले होते. या बाईने ते सगळ्या गावाचं देणं ठरवलं. शुल्ड म्हणजे कर्ज, ते असं.

मला माझी आत्या आठवली. हे तिला विचारूनच लिहिते आहे.

आत्या सरकारी नर्स होती, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात. एकतिसाव्या वर्षी विधवा झाली. मूल नव्हतं. उपकेंद्राच्या मागच्या दोन खोल्यांत राहायची. रात्री-अपरात्री कुणीतरी कंदील घेऊन दाराशी यायचं, आणि वस्ती लांब असली की एक माणूस तिला फटफटीवर सोडायचा आणि पहाटे परत आणायचा. एवढं पुरलं. पुढे गावात काय काय बोललं गेलं ते मला लहानपणी तुकड्यातुकड्यांत कळलं, मोठी माणसं आवाज खाली आणायची तेव्हा. एकदा माझ्या आजोबांकडे बैठक झाली. घरातल्या पुरुषांनी ठरवलं की आपण काही बोलायचं नाही. बोललं की चिखल उडतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. आत्याने बदली मागून घेतली आणि ते गाव सोडलं. त्यानंतर चाळीस वर्षांत या विषयावर तिने घरात एक अक्षर काढलं नाही. आम्ही सगळे तिला फार मानायचो, आणि मानायचं कारण सांगताना म्हणायचो, "किती सोसलं तिने, पण कधी तोंडातून शब्द नाही."

पुस्तिकेतल्या त्या वाक्यानंतर मला हे आमचं कौतुक बोचायला लागलं.

काटारीनाला गप्प बसवायला बायबलमधलं वचन तयार होतंच. पौलाने म्हटलंय, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं. तिने त्याच पौलाचं दुसरं वचन पुढे ठेवलं, ख्रिस्तात पुरुष नाही आणि स्त्री नाही. मग योएल संदेष्ट्याचं, की देव आपला आत्मा सगळ्यांवर ओतेल आणि तुमचे मुलगे आणि तुमच्या मुलीही संदेश देतील. आणि शेवटी ती म्हणते, मी काही परुश्यांना खडसावणारा बाप्तिस्मा करणारा योहान नाही, दाविदाला जाब विचारणारा नाथानही नाही. मला फक्त बलामाची गाढवी व्हायचंय, आपल्या धन्याला बोल लावणारी.

बलामाची गोष्ट जुन्या करारातली. बलाम गाढवीवर बसून निघाला. वाटेत तलवार उपसलेला देवदूत उभा. तो गाढवीला दिसतो, बलामाला दिसत नाही. ती बिचकते, आडवाटेला जाते, खाली बसते. बलाम तिला तीनदा झोडपतो. मग देव तिचं तोंड उघडतो आणि ती विचारते, मी तुझं काय केलं, म्हणून तू मला तीनदा मारलंस?

मराठी माणसाला इथे पैठणचा रेडा आठवणारच. मलाही आठवला, आणि बराच वेळ मी या दोन जनावरांना शेजारी उभं करून बघत राहिले. आपला रेडा वेद म्हणतो. विद्वानांची विद्या तो त्यांच्याच तोंडावर फेकतो आणि सभा गार होते. गाढवी वेद म्हणत नाही, देवदूताचं वर्णनही करत नाही. ती फक्त आपल्या पाठीवरच्या माराबद्दल विचारते. तीनदा मारलंस, मोजून सांगते. काटारीनाने हे जनावर निवडलं त्यात मला नम्रतेपेक्षा अचूकपणा जास्त दिसतो. तिच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, लॅटिन नव्हतं. पण मार कुणाला पडला आणि किती पडला, हे तिला कुठल्याही पंडितापेक्षा नीट माहीत होतं.

पैठणच्या आख्यायिकेत आणखी एक गोष्ट आहे. संन्याशाची ती चार मुलं पैठणला गेली होती शुद्धिपत्र मागायला. ब्रह्मवृंदाने लिहून द्यायचं की तुम्ही शुद्ध आहात. आपल्या भाषेत या शब्दाचा पुढे दुसराही अर्थ झाला. जुन्या पुस्तकाच्या शेवटी एक पान असतं, अशुद्ध काय छापलं गेलं आणि शुद्ध काय वाचावं याचं. त्यालाही शुद्धिपत्र म्हणतात. काटारीनाने पहिल्या अर्थाचं शुद्धिपत्र कुणाकडे मागितलं नाही. बिशप ते देणार नव्हतेच. तिने दुसऱ्या अर्थाचं स्वतः छापलं. लोकांनी असं असं अशुद्ध पसरवलं आहे, त्या जागी असं वाचावं.

याचा परिणाम व्हायचा तो झाला. तक्रार नगरपरिषदेपर्यंत गेली, आणि परिषदेने झेल यांना सांगितलं, बायकोला आवरा, तिला छापू देऊ नका. जाब नवऱ्याला विचारला, बाईला नाही.

आता एक गोष्ट मला इथेच सांगायची आहे, कारण ती मनात अडकून राहिली. मारहाणीच्या आरोपाला उत्तर देताना काटारीना लिहिते की आम्हा दोघांत पाव तासही कधी वाकडं आलेलं नाही. त्याच्याच पुढे एक वाक्य आहे, माणसांनी झिडकारलेले असे आम्ही दोघं दोन क्रुसांवरून एकमेकांना धीर देत मेलो, तर त्याहून मोठा मान नाही. ते दुसरं वाक्य वाचून माझे डोळे भरून आले. पहिलं मात्र पटेना. पाव तासही नाही? लग्नाला वर्ष होत आलेलं, दारात बहिष्कार, घरात पैशांची चणचण, गावभर कुजबुज, आणि कधी आवाजही चढला नाही? मला वाटतं, किटाळ हेच करतं. ते झटकणाऱ्याला आरशासारखं लख्ख व्हावं लागतं. बाकी सगळ्यांच्या घरात भांडणं होतात, पण ज्याच्यावर आळ आहे त्याच्या घरात भांडी वाजायची सोय राहत नाही. चारित्र्यावर बोट ठेवलं गेलेली बाई हसली तरी विचार करून हसते. आत्याही नव्या गावी गेल्यावर संध्याकाळी सातनंतर बोलावणं आलं तर रोग्याच्या घरची दुसरी बाई बरोबर असल्याशिवाय निघायची नाही. रात्री दारावर थाप पडली की आधी, "बाई कोण आलीय बरोबर?"

माझी कामाची गाडी रोज केन्झिंगनला थांबते. फ्रायबुर्गहून ऑफेनबुर्गला जाताना मधलं छोटं स्टेशन. शाळेची मुलं चढतात, दारं लागतात, गाडी सुटते. कितीतरी महिने ते नाव माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मग कळलं की हेच ते गाव. १५२४च्या जूनमध्ये इथल्या याकोब ओटर नावाच्या उपदेशकाला हुसकून लावलं. त्याला सोबत म्हणून गावातले दीडशे पुरुष वेशीबाहेर गेले, आणि परत आले तर ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी गावाची दारं बंद केली होती. घरी बायकामुलं, बाहेर हे. ते चालत स्ट्रासबुर्गला गेले. काटारीनाने पहिल्या रात्री ऐंशी माणसं आपल्या घरात घेतली आणि पुढे चार आठवडे पन्नास-साठ जणांना जेवू घातलं. नववधूचं घर, लग्नाला जेमतेम सात महिने झालेले. आणि याच दिवसांत तिने गावात अडकलेल्या त्यांच्या बायकांसाठी धीराचं पत्र लिहून छापलं. अब्राहामासारखी छाती करा, असं ती त्यांना म्हणते. काही तासांच्या अंतरावरच्या, कधी न भेटलेल्या बायकांना.

हे पत्र छापल्यावर थोड्याच दिवसांनी किटाळाची पुस्तिका आली. या क्रमामुळे मला एक गोष्ट उमगली. तिला जो बोलायचा अधिकार वाटत होता तो कुठल्या वचनातून आला नव्हता. वचनं तिने नंतर शोधली. अधिकार आला तो ऐंशी माणसांच्या स्वयंपाकातून.

पुढची तीसेक वर्षं मी पटकन सांगते, कारण त्यांतल्या बऱ्याच दिवसांचं स्वरूप एकच आहे, दारात कुणीतरी उभं आहे आणि ती दार उघडते आहे. १५२५च्या शेतकऱ्यांच्या बंडात ती नवऱ्याबरोबर बंडखोरांच्या तळावर गेली, रक्तपात नको म्हणून समजवायला. त्यांनी ऐकलं नाही. मग कत्तली झाल्या आणि स्ट्रासबुर्गमध्ये तीन हजार निर्वासित आले, त्यांची सोय लावण्यात ती होती. तिला दोन मुलं झाली आणि दोन्ही लहानपणीच गेली. तिने स्तोत्रांचं पुस्तक काढलं, स्वस्त पडावं म्हणून छोट्या छोट्या भागांत. झेल यांचं एक वाक्य प्रसिद्ध होतं, ख्रिस्ताला देवाचा पुत्र आणि तारणारा मानणाऱ्या प्रत्येकाला माझ्या ताटाशी जागा आहे. त्या ताटांवर कोण कोण जेवलं! ल्यूथरचे अनुयायी, झ्युरिकच्या सुधारक झ्विंग्लीचे, आणि सगळ्यांनीच दूर लोटलेला धर्मचिंतक श्वेंकफेल्डसुद्धा. १५४८च्या जानेवारीत झेल गेले. कबरीपाशी बुत्झर बोलले आणि त्यानंतर काटारीना स्वतः बोलली. विधवेने नवऱ्याच्या कबरीवर लोकांना उद्देशून बोलायचं, हे तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं. पुढच्याच वर्षी कॅथलिक बादशहाच्या हुकमामुळे बुत्झरना शहर सोडावं लागलं, तेव्हा इंग्लंडला निघण्याआधी ते तिच्याच घरात लपले होते.

आणि मग किटाळ परत आलं. या वेळी घरातून.

लुडविग राबुस हा विद्यार्थी असताना झेल यांच्या घरी राहिलेला. त्यांच्या हाताखाली तयार झाला आणि त्यांच्यानंतर त्यांच्याच जागी उपदेशक झाला. स्ट्रासबुर्गमध्येच त्याने हुतात्म्यांच्या चरित्रांचा मोठा ग्रंथ छापायला घेतला होता, श्रद्धेपायी छळ सोसलेल्या माणसांचा. तोच व्यासपीठावरून श्वेंकफेल्ड आणि इतरांना शिव्या घालू लागला. कट्टर झालेल्या नव्या पिढीचा तो माणूस. १५५६च्या अखेरीला तो अचानक शहर सोडून उल्मला गेला. काटारीनाने विचारलं, का गेलास, आणि मेलेल्या-जिवंत माणसांना असं का बोलतोस? १५५७च्या वसंतात त्याचं उत्तर आलं. तुझं पत्र अख्रिस्ती आहे, खोटं आहे, त्याला दुर्गंधी येते. स्ट्रासबुर्गच्या चर्चमध्ये तू पहिल्यापासून कलागती लावल्यास.

तेव्हा ती साठीला टेकली होती. आजारी भाच्याची काळजी घ्यायला ती उपदंशाच्या रोग्यांसाठीच्या इस्पितळात राहायला गेली होती आणि तिथल्या गलथान कारभाराबद्दल नगरपरिषदेला लिहीत होती. या सगळ्यात तिने ते पत्र घेतलं आणि छापलं. सगळंच्या सगळं. मुखपृष्ठावर स्पष्ट लिहिलं, स्ट्रासबुर्गच्या सगळ्या नागरिकांना पत्र, सोबत दोन पत्रं, तिचं आणि त्याचं. मला हे फार थोर वाटतं. आपल्याला कुणी घाणेरडं लिहिलं तर आपण ते लपवतो, फाडतो, किंवा त्यातली सोयीची दोन वाक्यं उचलून दाखवतो. तिने त्याचे शब्द एक न गाळता लोकांपुढे ठेवले आणि त्यानंतर उत्तर द्यायला बसली.

आणि उत्तर काय! पाव तासाची भाषा गेली. आपण निष्कलंक आहोत हे दाखवायची धडपड गेली. ती म्हणते, शांतता भंग करणारी मी? हो, केली. माझ्या स्वतःच्या शांततेचा भंग मी केला. नटण्यामुरडण्यात आणि करमणुकीत दिवस न घालवता मी प्लेगच्या घरांत गेले, मढी उचलली. तुरुंगातल्यांना भेटले, फाशीची शिक्षा झालेल्यांजवळ बसले. कितीदा तीन तीन दिवस-रात्र पोटात अन्न नाही, डोळ्याला डोळा नाही. मी व्यासपीठावर कधी चढले नाही, पण दुःखितांच्या भेटीचं काम तुमच्या कुठल्याही उपदेशकापेक्षा मी जास्त केलं.

सव्विसाव्या वर्षी तिने आरोप नाकारला होता. साठाव्या वर्षी तो तिने हातात घेतला, उलटासुलटा केला आणि त्याची दुसरी बाजू लोकांना दाखवली. दहा वर्षांची असल्यापासून मी या चर्चची आई आहे, असंही ती म्हणते.

तिची काही भाषा मला आजही बोचते. रोमच्या बाजूच्या माणसांबद्दल ती लिहिते तेव्हा त्यांच्यात एखादा भला माणूस असेल याला ती जागाच ठेवत नाही. ज्या काळात शब्दांमागोमाग चिता पेटायच्या, त्या काळात असं लिहिणं हलकं नव्हतं. पण १५५७च्या पत्रात ती बाप्तिस्मावाद्यांची, म्हणजे तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा न मानणाऱ्यांची, बाजू घेते, ज्यांना रोमवाले आणि ल्यूथरवाले दोघेही बुडवत-जाळत होते. शिकारी रानडुकरावर कुत्रे सोडतो तसं तुम्ही या गरीब माणसांमागे लागला आहात, असं ती राबुसला सुनावते. चोरी-मारी करणाऱ्याला सरकारने शिक्षा करावी. पण श्रद्धेची सक्ती करता येत नाही, ती ज्याच्या त्याच्या अंतःकरणाची गोष्ट आहे. स्वतःच्या नावासाठी उघडलेलं तोंड तिने या माणसांसाठी उघडं ठेवलं, ज्यांच्या मतांशी ती सगळीकडे सहमतही नव्हती. म्हणूनच मी तिच्याकडे परत परत जाते.

१५६२मध्ये श्वेंकफेल्डच्या मताची एक बाई वारली. धर्मगुरू म्हणाले, कबरीवर येऊ, पण ती श्रद्धेपासून ढळली होती हे सांगू. नवऱ्याने नको म्हटलं. काटारीनाने सकाळी सहा वाजता तिचा अंत्यविधी केला. थोड्याच दिवसांनी त्या बाईची बहीण गेली, तीही त्याच मताची. तोवर काटारीना स्वतः अंथरुणाला खिळली होती. तिला गाडीत घालून कबरीपाशी नेलं आणि तिने तोही विधी केला. नगरपरिषदेने ठरवलं, बाई बरी झाली की तिला बोलावून समज द्यायची. ती बरी झाली नाही. ५ सप्टेंबर १५६२ रोजी ती गेली.

हे सगळं मी आत्याला फोनवर सांगितलं, चार-पाच रविवार मिळून. ती आता एक्क्याऐंशीची आहे, पुण्यात माझ्या चुलतभावाकडे असते. तिने प्लेगचं विचारलं, केन्झिंगनच्या बायकांचं विचारलं, त्यांचे नवरे परत गेले का ते विचारलं. गाढवीची गोष्ट तिने दोनदा सांगायला लावली. राबुसचं पत्र तिने तसंच्या तसं छापलं, हे ऐकून ती थोडा वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "माझ्याकडे वही आहे."

मला कळेना कुठली.

"बाळंतपणांची. सरकारी रजिस्टर तिथंच राहिलं, पण मी माझी वेगळी ठेवायचे. कुठल्या वस्तीला गेले, किती वाजता बोलावणं आलं, किती वाजता परतले, सगळं आहे. त्या गावातली साडेतीन वर्षं आहेत. तेव्हा वाटलं होतं, कुणी विचारलं तर दाखवीन. कुणी विचारलंच नाही ना. सगळ्यांना ठाऊकच होतं."

"मग तू का नाही दाखवलीस?"

"दादा म्हणाले, गप्प बस."

पलीकडे पेटीची कडी वाजल्याचा आवाज आला. ती फोन कानाला लावूनच उठली असावी. बराच वेळ नुसती खुडबुड. माझ्या खिडकीबाहेर अंधार पडला होता. मग पानं उलटल्याचा आवाज, आणि चष्मा शोधत पुटपुटणं.

"हां. लिहून घेतेस का? बारा जुलै. बोलावणं रात्री पावणेदोनला. ओढ्यापलीकडची वस्ती, पहिलटकरीण, पाणी आधीच गेलेलं. पाऊस. मुलगी झाली पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी. दोघी सुखरूप. परत साडेसातला, फटफटीवरून." ती थांबली. "हे फटफटीचं पण लिही. पुढची सांगू?"